सहा महिने फक्त अंगावरचं

"अवो ताई, आपला घसा सुकते, मंग त्या लेकराचा नाई सुकत का?"

चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका गावात, मे महिन्याच्या भर दुपारी एका आजीनं आशाताईला हा प्रश्न विचारला. पारा पंचेचाळिसाच्या पुढे गेलेला. घरात कूलर होता, पण लाइट गेल्यामुळे बंद. दोन महिन्यांची नात पाळण्यात घामेजून कुरकुरत होती आणि आशाताई सांगत होती की सहा महिने पुरे होईपर्यंत पोरीला पाण्याचा थेंबही पाजायचा नाही.

आशाताईकडे उत्तर होतं. आईच्या दुधात सत्त्याऐंशी-अठ्ठ्याऐंशी टक्के पाणीच असतं. तहान लागली की बाळ जास्त वेळा अंगावर पितं. पाण्यानं पोट भरलं तर तेवढं दूध कमी जातं, आणि पाण्यातून, वाटीतून, चमच्यातून जंतू गेले तर हगवण लागते. सगळं बरोबर. आजीनं ऐकून घेतलं, मान डोलावली, चहा टाकला. आशाताई अंगणाबाहेर पडल्यावर फुलपात्रातलं पाणी चमच्यानं नातीच्या ओठांना लावलं. माझ्यादेखतच लावलं, त्यात लपवण्यासारखं काही आहे असं तिला वाटलंच नाही. "ती बी चांगल्यासाठीच सांगते," ती म्हणाली, "पन तिले रातभर घ्या लागत नाई ना हिले."

सरकारी आरोग्य सल्ल्यावर घराघरांतून उमटणाऱ्या प्रतिक्रिया ऐकल्या तर बहुतेक याच जातीच्या असतात. सल्ला कुणी तोंडावर नाकारत नाही. सांगणाऱ्याचा हेतू चांगला आहे, हेही सगळ्यांना मान्य असतं. पण सांगणारा निघून जातो आणि रात्र घरच्यांना काढायची असते. सल्ला चुकीचा आहे असं मला मुळीच वाटत नाही. तो शास्त्रानं शंभर वेळा तपासून घेतलेला आहे आणि त्यानं लाखो मुलं वाचली आहेत. माझी तक्रार वेगळी आहे. हा सल्ला आपण एकट्या आईच्या गळ्यात बांधतो आणि तो पाळायला जी मदत लागते, ती मात्र देत नाही.

सल्ला तसा चार ओळींचा आहे. जन्मल्यावर तासाभरात बाळ आईच्या छातीशी लावा. पहिला पिवळसर चीक टाकू नका, पाजा. सहा महिने फक्त आईचं दूध. त्यानंतर वरचं अन्न सुरू करा, पण अंगावरचं दूध दोन वर्षं आणि त्यापुढेही चालू ठेवा. जागतिक आरोग्य संघटनेची हीच शिफारस आहे आणि भारत सरकारचीही. ५ ऑगस्ट २०१६ रोजी केंद्रानं 'माँ' नावाचा देशव्यापी कार्यक्रम सुरू केला, तेव्हा माधुरी दीक्षित व्यासपीठावर होती. दर वर्षी १ ते ७ ऑगस्ट हा स्तनपान सप्ताह असतो. प्राथमिक आरोग्य केंद्रांवर फलक लागतात, अंगणवाडीत रांगोळ्या निघतात, गरोदर बायांना बोलावून भाषणं होतात. सल्ला पोचलेला नाही, असं आज कुणी म्हणू शकणार नाही.

आणि त्याचा परिणामही दिसतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २०२१ या काळात, महाराष्ट्रात सहा महिन्यांखालच्या ७१ टक्के बाळांना फक्त आईचं दूध मिळत होतं. त्याआधीच्या फेरीत हे प्रमाण ५७ टक्क्यांच्या आसपास होतं. आशा, अंगणवाडी सेविका, परिचारिका यांच्या पायपिटीचं हे फळ आहे आणि त्याबद्दल त्यांचं कौतुक मोकळ्या मनानं करायला हवं. पण त्याच पाहणीतला दुसरा आकडा मला बरेच दिवस छळतो आहे. राज्यात दवाखान्यात होणारी बाळंतपणं ९० टक्क्यांवरून जवळजवळ ९५ टक्क्यांवर गेली, आणि जन्मल्यावर तासाभरात अंगावर घेतलेली बाळं मात्र ५७ टक्क्यांवरून ५३ टक्क्यांवर घसरली. म्हणजे बाळंतपण डॉक्टर-नर्सच्या नजरेखाली आलं, आणि सल्ल्यातली पहिलीच ओळ नेमकी तिथेच मोडायला लागली. ती मोडण्यात आजीचा हात नाही. चीक टाकून देणारी सुईण आता बहुतेक गावांत उरलेली नाही.

या आज्यांबद्दल जरा सविस्तर बोलायला हवं, कारण आरोग्य खात्याच्या बोलण्यात त्या कायम अडाणी ठरतात. सांगलीजवळच्या एका घरात साठीच्या एका सासूबाईंनी मला त्यांची जुनी वही दाखवली. मोठ्या मुलाच्या वेळची, १९८८ सालची. दुरेघी पानांवर निळ्या शाईत बाळाचं वजन, लशींच्या तारखा, आणि 'चौथा महिना' या मथळ्याखाली ओळीनं लिहिलेलं: मोसंबीचा रस दोन चमचे, डाळीचं वरचं पाणी, भाताची पेज, रात्री डब्याचं दूध. "हे माझ्या आईनं सांगितलेलं नाही," त्या म्हणाल्या. "डॉक्टरांनी सांगितलं, आणि मी लिहून घेतलं. आता माझ्या सुनेला डॉक्टरच सांगतात की चौथ्या महिन्यात काही दिलं तर बाळाला अपाय होईल. मग माझ्या मुलाला काय झालं?"

त्या खोटं बोलत नव्हत्या. २००१ पर्यंत जागतिक आरोग्य संघटनेचीच शिफारस चार ते सहा महिन्यांची होती. सगळे अभ्यास पुन्हा तपासून त्या वर्षी ती सहा महिन्यांवर आणली गेली. आपल्याकडच्या कायद्याचंही तेच. बाळाच्या डब्याच्या दुधावर आणि बाटल्यांवर नियंत्रण आणणारा कायदा १९९२ साली झाला, त्यात पूरक अन्नाची व्याख्या चार महिन्यांनंतरची होती. २००३ च्या दुरुस्तीनं ती सहा महिने झाली. त्याआधीच्या पिढीत गावोगाव सुदृढ बालकांच्या स्पर्धा व्हायच्या, गुटगुटीत बाळाला बक्षीस मिळायचं, आणि गुटगुटीतपणाचं श्रेय डब्याला दिलं जायचं. दवाखान्याच्या भिंतीवर डब्याच्या कंपनीचं कॅलेंडर असायचं. त्या काळातल्या शिकलेल्या आईनं वरचं दूध पाजलं, ते डॉक्टरांचं ऐकूनच.

शास्त्र बदलतं, बदलायलाच हवं. पण बदललेला सल्ला घरात नेताना, तुमच्या वेळी वेगळं सांगितलं होतं, त्यात तुमची चूक नव्हती, आता जास्त माहिती हाती आली आहे, एवढं बोलायला दोन मिनिटं लागतात. ही दोन मिनिटं कुणी देत नाही. मग सासूबाईंना वाटतं, आपण मुलं वाढवली ती चुकीची वाढवली असं ही कालची पोर सांगते आहे. तिथून पुढे भांडण दुधावरून उरत नाही.

करोनाच्या काळात सल्ला किती वेगानं डळमळतो, हे तरुण पालकांनीही पाहिलं. २०२० च्या सुरुवातीला काही ठिकाणी बाधित आईपासून बाळ दूर ठेवलं जात होतं. जागतिक आरोग्य संघटना सांगत होती की मास्क लावून, हात धुऊन आईनं अंगावरच पाजावं. बापाच्या मोबाइलवर एकाच दिवशी दोन्ही सूचना येत होत्या. त्या वर्षी बाप झालेल्या एकानं मला सांगितलं, "तेव्हापासून मी कुठल्याही डॉक्टरचं एकदम ऐकत नाही. दोघांना विचारतो." या अविश्वासावर रागावून काही उपयोग नाही.

पण सगळ्यात जास्त ऐकू येणारं वाक्य वेगळंच आहे. मुंबईत ऐका, मेळघाटात ऐका, पुण्याच्या उंच इमारतीत ऐका: "दूध पुरत नाही." कुणी म्हणतं दूध उतरलंच नाही, कुणी म्हणतं पातळ आहे, कुणी म्हणतं नजर लागली. वरचं दूध सुरू होण्याचं हे सगळ्यात मोठं कारण. आणि बहुतेक वेळा ते खरं नसतं, पण आईला मात्र ते शंभर टक्के खरं वाटत असतं.

होतं असं की पहिले दोन-तीन दिवस चीक येतो, तो चमचा-दोन चमचेच. बाळाचं पोटही तेवढंच असतं. पहिल्या दिवशी त्यात पाच-सात मिलिलिटरच मावतं. या दिवसांत बाळाचं वजन थोडं उतरतं, सात ते दहा टक्क्यांपर्यंतही, आणि दोन आठवड्यांत बहुतेकांचं भरून येतं. भरून दूध यायला दुसरा ते चौथा दिवस उजाडतो, सिझेरियन झालं असेल तर कधी आणखी उशीर. मधल्या काळात बाळ रडतं, वारंवार मागतं, रात्री तर सोडतच नाही. रात्रीचं हे पिणंच दूध वाढवतं, कारण जितकं ओढलं जाईल तितकं बनतं. वरचं दूध दिलं की ओढणं कमी, बनणं कमी, आणि मग खरोखरच पुरेनासं होतं. भीतीनं आणि दुखण्यानं पान्हाही अडतो. एवढं सगळं शरीरशास्त्र त्या बाईला कळलं तरी रात्री दोन वाजता कानाशी रडणारं बाळ थांबत नाही.

एका तालुक्याच्या गावी, खासगी प्रसूतिगृहात, सिझेरियनच्या दुसऱ्या रात्रीचं दृश्य सांगते. बाईला उठून बसवत नव्हतं, टाके ओढत होते. आडवं पडूनच बाळ लावायचा प्रयत्न चालला होता, बाळाच्या तोंडात फक्त बोंडशी जात होती, आणि ती दर वेळी ओठ चावून कळ सोसत होती. बोंडशीवर चीर पडून रक्त आलेलं. आई उशाशी, सासू पायथ्याशी. नवरा बाहेर बाकड्यावर, कारण रात्री पुरुषांना आत सोडत नाहीत. ड्युटीवरची एकटी सिस्टर खाली लेबर रूममध्ये. ती वर आली ते बाळाचं रडणं ऐकूनच, आणि म्हणाली, "उपाशी ठेवू नका हो, काहीतरी द्या." नवऱ्यानं चौकातलं मेडिकल उघडून घेतलं. पंधरा मिनिटांत डबा आला, गरम पाणी आलं, बाळ चाळीस मिलिलिटर पिऊन झोपलं, सगळ्यांनी श्वास सोडला. भिंतीवर 'आईचे दूध सर्वोत्तम' हा फलक होताच.

या बाईला कुठला सल्ला कमी पडला? एकही नाही. नऊ महिन्यांत तिनं तो आठ-दहा वेळा ऐकला होता. तिला हवं होतं ते एक माणूस, जे स्टूल ओढून अर्धा तास बसेल, पाठीशी उशी लावून तिला जरा उठवून बसवेल आणि बाळ कसं धरायचं ते हात धरून दाखवेल. धरण्याची ही रीत शिकावी लागते, ती उपजत येते हा आपला गैरसमज आहे. मुंबईच्या आयआयटीत ग्रामीण विकासाच्या केंद्राशी जोडलेल्या बालरोगतज्ज्ञ डॉ. रूपल दलाल गेली अनेक वर्षं परिचारिका आणि आशांना नेमकं हेच शिकवतात. उजव्या बाजूला पाजायचं तर डाव्या हातानं बाळाला मानेशी आधार द्यायचा, बाळाचं पोट आईच्या पोटाला चिकटलेलं, हनुवटी छातीत रुतलेली, जांभईसारखं तोंड उघडेपर्यंत थांबायचं आणि मग बोंडशीच नव्हे, भोवतालचा काळसर भागही, खालच्या बाजूनं जास्त, तोंडात द्यायचा. त्यांनी या एका कृतीचे पंचेचाळीस बारकावे काढले आहेत. दुखत असेल तर धरणं चुकलं आहे, ही सोपी खूण. बरोबर लागलं की दोन-तीन ओढींनंतर गिळल्याचा आवाज येतो, आणि आईच्या कपाळावरची आठी जाते. एका ग्रामीण रुग्णालयात मी ही आठी जाताना पाहिली आहे. बाई वीस वर्षांची असेल, तीन दिवस रडत होती. शिकवलेल्या परिचारिकेनं बाळ काढलं, पुन्हा लावलं, परत काढलं, परत लावलं. चौथ्यांदा बाई एकदम म्हणाली, "आता नाही दुखत." त्या परिचारिकेनं आरोग्यशिक्षणाचं एक वाक्यही उच्चारलं नव्हतं.

घरी येऊन मदत करण्याची रीतही महाराष्ट्रानंच देशाला दिली. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं गावातल्याच बायांना शिकवून नवजात बाळांची घरोघर काळजी घेतली. १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या त्यांच्या अभ्यासात नवजात मृत्यूंचं प्रमाण ६२ टक्क्यांनी उतरल्याचं दिसलं. पुढे तेच रूप देशभरच्या आशांच्या गृहभेटींना मिळालं: दवाखान्यात बाळंतपण झालं तर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी भेट. या सगळ्या भेटींचे मिळून आशेला अडीचशे रुपये. पण डबा येतो दुसऱ्या रात्री, आशा येते तिसऱ्या दिवशी, आणि सिझेरियन असेल तर तोवर बाई दवाखान्यातच. महाराष्ट्रात आज चारांतलं एक बाळंतपण सिझेरियनचं आहे. या दोन-तीन रात्रींचा धनी कोण, हे कुठल्याच कागदावर स्पष्ट लिहिलेलं नाही. शहरात पैसे मोजून खासगी स्तनपान सल्लागार बोलावता येते. तालुक्याच्या गावी ते परवडत नाही, आणि बोलवायचं म्हटलं तर ती मिळतही नाही.

मधाचं बोट आणि घुटी यांवरून होणारे वादही मी बरेच ऐकले. मधाबद्दल मला शंका नाही: वर्षाच्या आतल्या बाळाला मध देऊ नये, त्यातून दुर्मीळ पण जिवावरची विषबाधा होऊ शकते. घुटीबद्दलही डॉक्टरांचं म्हणणं पटणारं आहे. सहाणेवर उगाळलेलं वेखंड, मुरडशेंग, हिरडा, सुंठ, जायफळ बाळाच्या आतड्याला सोसेलच असं नाही, आणि सहाण कितीही धुतली तरी निर्जंतुक होत नाही. पण रोज सकाळी बाळ मांडीवर घेऊन, किती वळसे द्यायचे याचा हिशेब ठेवत घुटी उगाळणारी आजी त्या वेळी औषधापेक्षा बरंच काही देत असते. पाणी बंद, मध बंद, घुटी बंद, नाकात-कानात तेल बंद. आजीच्या हातातली एकेक गोष्ट आपण काढून घेतो आणि तिला दुसरं काही देत नाही. एका परिचारिकेनं यावर काढलेला तोडगा मला फार आवडला. मध चाटवायला आलेल्या आत्याच्या हातात ती बाळ देते आणि म्हणते, आधी तुम्हीच याला आईच्या छातीशी लावा, मान तुमचा. आत्या खूश, बाळाच्या तोंडात चीक, आणि मधाची वाटी पिशवीतच राहते.

आजीला काम हवं असेल तर ते भरपूर आहे. बाळंतिणीला वेळेवर गरम जेवण, अळिवाची खीर, डिंकाचा लाडू. पाजून झाल्यावर ढेकर काढायला बाळ खांद्यावर घेणं. दुपारी दोन तास आईला सलग झोपू देणं. दिवसात बाळानं सहापेक्षा जास्त लंगोट ओले केले का, हे मोजणं, कारण दूध पुरतं की नाही याचा घरबसल्या मिळणारा हा सर्वांत भरवशाचा पुरावा आहे. हे सांगितलं तर आज्या ऐकतात. त्यांना नातवंडाचं भलंच हवं असतं.

'फक्त आईचं दूध' या शब्दांवरही पालक अडतात आणि त्यांचा प्रश्न रास्त असतो. पाणीसुद्धा नको म्हणता, मग डॉक्टर ड जीवनसत्त्वाचे थेंब कसे लिहून देतात? उत्तर सोपं आहे: थेंब, औषधं, गरज पडल्यास जलसंजीवनी ही त्या नियमात बसतात. पण हे फलकावर नसतं, म्हणून काही घरांत थेंबही बंद होतात आणि काही घरांत थेंबांच्या जोडीनं पाणीही सुरू होतं.

आता कामाला जाणाऱ्या बायांकडे येऊ. हिरकणीची गोष्ट महाराष्ट्रात कुणाला सांगावी लागत नाही. रायगडाचे दरवाजे बंद झाले आणि घरी तान्हं बाळ, म्हणून ती गवळण कडा उतरून गेली. तिच्या नावानं आज एसटी स्थानकांवर आणि सरकारी कार्यालयांत हिरकणी कक्ष आहेत. कल्पना उत्तम आहे. त्यांतले काही चांगले चालतात, काही कुलपात असतात, काहींत जुन्या खुर्च्या आणि फायली रचलेल्या. डिसेंबर २०२२ मध्ये देवळालीच्या आमदार सरोज अहिरे अडीच महिन्यांचं बाळ घेऊन नागपूरच्या अधिवेशनाला आल्या, तेव्हा विधानभवनात हिरकणी कक्षाची सोय झाली. पुढच्या मुंबईच्या अधिवेशनात त्याच कक्षातल्या धुळीबद्दल त्यांना जाहीरपणे बोलावं लागलं. आमदार बाईची ही गत, तर साताऱ्याच्या स्टँडवर एसटीची वाट बघणाऱ्या बाईची काय असेल! आपण हिरकणीच्या धाडसाला पिढ्यान्‌पिढ्या नमस्कार करत आलो. तिच्यासाठी दरवाजा उघडायची सोय करणं हे आपलं काम होतं आणि आहे.

२०१७ च्या दुरुस्तीनं पगारी बाळंतरजा बारा आठवड्यांवरून सव्वीस आठवड्यांवर गेली. सव्वीस आठवडे म्हणजे बरोबर सहा महिने. सल्ला आणि कायदा पहिल्यांदाच एका रेषेत आले. पण हा कायदा दहा किंवा जास्त माणसं कामाला असलेल्या आस्थापनांचा. बीडहून दिवाळीच्या आसपास फडावर निघणाऱ्या ऊसतोड कामगार बाईला तो लागू होत नाही. नवरा-बायको मिळून एक कोयता. ती बसली तर कोयता मोडतो आणि उचल अंगावर येते. मी भेटलेली अशी एक बाई महिन्याचं बाळ बांधावर, बैलगाडीच्या सावलीत झोपवून मोळ्या बांधत होती. फक्त अंगावरचं पाजायचं हे तिला ठाऊक होतं, आशाताईनं सांगितलं होतं. "पाजते की," ती म्हणाली, "पण मुकादम हाक मारतो तवर." पुण्यात चार घरी धुणीभांडी करणाऱ्या बाईचीही हीच कहाणी. पंतप्रधान मातृवंदना योजनेचे पाच हजार रुपये पहिल्या बाळाला मिळतात. सहा महिन्यांचा खाडा भरून निघायला ते पुरत नाहीत. या बायांना सल्ला देताना सल्ला देणाऱ्यानं थोडं अवघडायला हवं, असं मला वाटतं.

आणि ज्यांना खरंच जमत नाही, त्या? अशा आया थोड्या असतात, पण असतात. कुणाच्या शरीरात पुरेसं दूध बनत नाही, कुणाला अशी औषधं चालू असतात की पाजता येत नाही, कुणाचं बाळ आठव्या महिन्यात जन्मून काचेच्या पेटीत असतं. वाकडच्या एका संगणक अभियंता आईनं मला सांगितलं की तिसऱ्या महिन्यात डॉक्टरांच्या सल्ल्यानं डब्याचं दूध सुरू केलं, त्यानंतर ती सोसायटीच्या बागेत बाटली दुपट्याखाली लपवून पाजायची. "पोरगी वजन धरत होती आणि मी रडत होते," ती म्हणाली. वैद्यकीय गरजेला डब्याचं दूध देणं हा सल्ल्याचाच भाग आहे. ते द्यावं लागलेल्या आईला कमी लेखण्याचा अधिकार कुणालाही नाही, शेजारणीला नाही आणि डॉक्टरलाही नाही.

पेटीतल्या बाळांसाठी मुंबईनं फार आधी मार्ग काढला. शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात २७ नोव्हेंबर १९८९ रोजी डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी आशियातली पहिली मातृदुग्धपेढी सुरू केली. ज्यांना आपल्या बाळाला पुरून दूध उरतं, त्या आया ते स्वेच्छेनं देतात. त्यांच्या तपासण्या होतात, दूध साडेबासष्ट अंशांवर अर्धा तास तापवलं जातं, जंतूंची चाचणी होते, उणे वीस अंशांवर साठवलं जातं आणि कमी दिवसांच्या, कमी वजनाच्या बाळांना दिलं जातं. इथेही घरच्यांचे प्रश्न असतात: कुणाचं दूध, कुठल्या घरचं? मुस्लिम कुटुंबांत दूधनात्याचा प्रश्न श्रद्धेचा असतो आणि तो शांतपणे ऐकून घ्यावा लागतो. बहुतेकांचं शंकानिरसन होतं, कारण सांगणारी माणसं समोर बसलेली असतात. हे दूध विकायचं नसतं. मानवी दुधाचा व्यापार करू नये, असं अन्नसुरक्षा प्राधिकरणानं मे २०२४ मध्ये बजावलं आहे. डॉ. फर्नांडिस यांना २०२६ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. स्तनपानासाठी देशभर काम करणारी संघटनाही महाराष्ट्राच्याच मातीत, वर्ध्याला, डिसेंबर १९९१ मध्ये स्थापन झाली. म्हणजे हे काम कसं करायचं, हे आपल्याला कुणाकडून शिकायचं नाही.

कायदाही आहे. डब्याच्या दुधाची जाहिरात करता येत नाही, फुकट नमुने वाटता येत नाहीत, डब्यावर बाळाचं चित्र छापता येत नाही, डॉक्टर-परिचारिकांना भेटी देता येत नाहीत. मोडला तर तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. कुठल्याही प्रसूतिगृहात बाळ जन्मल्यावर न मागता एखाद्या कंपनीच्या डब्याचं नाव लिहून दिलं गेलं, तर का म्हणून विचारण्याचा पालकांना पूर्ण अधिकार आहे.

या लेखाच्या निमित्तानं एक मागणी करते आणि एक विनंती. मागणी आरोग्य खात्याकडे: जिथे बाळंतपणं होतात अशा प्रत्येक वॉर्डात, सरकारी असो की खासगी, दिवसा आणि रात्री, बाळ अंगावर लावायला शिकवणारी एक प्रशिक्षित व्यक्ती असलीच पाहिजे. तिचं काम फक्त तेच. फलकांवर होणारा खर्च आधी तिच्या पगाराकडे वळवा. विनंती वाचकांना: तुमच्या घरात येत्या वर्षात बाळंतपण असेल तर नाव घालण्याआधी दवाखान्यात तीन गोष्टी विचारा. सिझेरियन झालं तरी तासाभरात बाळ आईजवळ देणार का? रात्री दूध पाजायला शिकवायला कोण असेल? आम्हाला विचारल्याशिवाय बाळाला वरचं दूध देणार नाही ना? हे प्रश्न बाळाच्या बापानं विचारावेत, आणि पहिल्या तीन रात्री आईजवळ कोण बसणार, हे सासू, आई आणि त्यानं मिळून आधीच ठरवावं.